शब्दचर्चा: 'नोड्यूल'ला गाठ म्हणावं की डाग?

अंबाजोगाईहून प्रश्न
मोठ्या मामांच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात १८ मिमीचा 'नोड्यूल' निघाला. संभाजीनगरला 'रेडियल ईबस' (श्वासनळीतून आत जाऊन करायची सोनोग्राफी) करून तुकडा घ्यायचा ठरलंय. घरी 'गाठ' शब्द निघाला अन् मामींनी जेवण सोडलं. धाकटे मामा म्हणतात, 'डाग' म्हण. बरोबर कोणता? अन् सोनोग्राफी तर पोटाची असते, छातीत कशी?

नांदेड
दादा, 'डाग' नको. आपल्याकडं छातीत डाग म्हटलं की टीबीच, असं धरून चालतात. 'गुठळी' रक्ताची. कोशातली 'ग्रंथिका' मामींपर्यंत पोचणार नाही. 'लहान गाठ'च म्हणा, पण माप सांगूनच. ३० मिमीपर्यंत नोड्यूल, त्यापुढं 'मास'. टीबीची, बुरशीची, जुन्या भरलेल्या जखमेचीही गाठ दिसते, हे मामींना आजच सांगा.

परभणी (दुर्बीण विभागात परिचारिका)
सोनोग्राफीचं मी सांगते. तिच्या लहरी हवेतून पलीकडं जात नाहीत, आणि फुप्फुस हवेनंच भरलेलं. छातीवर प्रोब ठेवून फक्त आवरणाला टेकलेली गाठ दिसते. तिथं बरगड्यांमधून, पडद्यावर सुई बघत बघत नमुना घेता येतो. गाठ खोल असेल तर प्रोबच आत न्यावा लागतो. श्वासनळीत दुर्बीण, तिच्यातून बारीक नळी, नळीत तारेसारखा प्रोब. तो सभोवतालचं ३६० अंशांचं चित्र देतो, म्हणून 'रेडियल'. प्रोब गाठीच्या मधोमध असला तर नमुना मिळण्याची आशा जास्त, नुसता कडेला लागला तर कमी.

पण पुढं प्रोब काढून त्याच नळीतून चिमटा घालतात. चिमटा गाठ धरतो तेव्हा सोनोग्राफीच्या पडद्यावर काही दिसत नसतं! म्हणून इथं 'सोनोग्राफीत बघून तुकडा काढला' हे चूक, 'सोनोग्राफीनं जागा धरून' हे बरोबर. श्वासनळीलगतच्या लसिका ग्रंथींसाठीचा 'लिनिअर ईबस' वेगळा. त्यात सुई दिसते. दोन्हींना सरसकट 'मार्गदर्शित' म्हटल्यानं हा फरक बुजतो, आणि तो नातेवाइकांना कळायलाच हवा.

अंबाजोगाई
ताई, मग 'तुकडा' शब्द चालेल का? मामींना वाटतंय, फुप्फुसच कापणार.

परभणी
'नमुना' म्हणा. चिमट्यात दोनेक मिमीचे कण येतात, तेही चार-सहा वेळा घ्यावे लागतात. थोडं रक्त येऊ शकतं. फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका सीटीत बघून छातीतून सुई घालण्यापेक्षा यात कमी.

नांदेड
आणखी एक शब्द जपून वापरा: 'निगेटिव्ह'. रिपोर्टात कॅन्सरच्या पेशी नाहीत, एवढ्यावर घरी 'काही निघालं नाही' असं सांगून मोकळं होऊ नका. नमुना गाठीतलाच आला का, रिपोर्टात टीबी किंवा दुसरं ठोस कारण लिहिलंय का, हे डॉक्टरांना विचारा. कारण लिहिलेलं नसेल तर 'अजून निदान झालेलं नाही' असंच म्हणायचं, आणि पुन्हा नमुना की काही महिन्यांनी सीटी, ते तिथंच ठरवून मग गावाकडची गाडी धरायची.