व्हिएतनाम : सहा जण, बाइकवरून 'हा झांग' लूप. सल्ला हवा

सातारी_चाक
मंडळी, दिवाळी आटोपली की आम्ही सहा जण नऊ दिवसांसाठी व्हिएतनामला निघतोय. शहरं फारशी नकोत, उत्तरेचा 'हा झांग' लूप (हा झांग गावातून निघून डोंगरांतून फिरून परत तिथेच येणारा रस्ता) बाइकवरून करायचा आहे. चौघे रोजचे बुलेटवाले, लडाख-स्पिती झालंय. बायको ॲक्टिव्हा चालवते. मामा (वय 57) राजदूत विकल्यापासून फक्त चारचाकीत, पण "मी चालवणारच" म्हणून बसलेत.
किती दिवस द्यावेत? गाडी कुठली घ्यावी? आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला की काम झालं ना? आणि दोघे शाकाहारी आहेत, त्यातला एक कांदा-लसूणही खात नाही.

फाटकी_चप्पल
चार दिवस. तीन दिवसांच्या फंदात पडू नका. अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर आहे, पण दर वळणावर गाडी स्टँडला लावावीशी वाटते. कांदा-लसणाच्या भिडूला दंडवत.

कृष्णाकाठ
परवान्याचं आधी बघा, गाडीचं नंतर.
आरटीओतून मिळतो तो परवाना 1949 च्या जिनिव्हा करारातला. व्हिएतनाम मानतं 1968 च्या व्हिएन्ना करारातला. पुस्तिका दिसायला सारखीच, पण तिथे ती चालत नाही. भाड्याने गाडी देणारा तुम्हाला हे सांगणार नाही, तो हसतमुखाने किल्ली हातात ठेवेल. 50 सीसीपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही, पण तसल्या गाडीवर दोघं बसून घाट चढणार कसे?
मग उपाय काय? तिथे 'इझी रायडर' म्हणतात ती सोय घ्या. गाडी त्यांची, चालवणारा स्थानिक पोरगा, आपण मागे. बुलेटवाल्यांना हे ऐकून पोटात दुखतं, ठाऊक आहे, मलाही दुखलं होतं. पण मा पी लेंगच्या खिंडीत खाली न्यो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते, तेव्हा चालवणाऱ्याची नजर समोरच्या ट्रकवर असते. बघायला मिळतं ते मागच्याला.

बिनधास्त_बाजीराव
एवढं घाबरवू नका हो. गेल्या वर्षी आम्ही पाच जण स्वतः चालवून आलो, कुणी विचारलंसुद्धा नाही. अडवलंच तर दंड भरायचा आणि पुढे निघायचं. सेमी-ऑटोमॅटिक घ्या, आम्हाला दिवसाला दोन लाख डोंगच्या आत मिळाली, म्हणजे सहा-सातशे रुपये. क्लच नाही, गिअर पायात. हिरो होंडा स्ट्रीट आठवतेय ना? तीच जात. ज्याला दम आहे त्याने 150 सीसीची होंडा एक्सआर घ्यावी.

कृष्णाकाठ
@बाजीराव, दंडाचं मला काही नाही. विम्याचं सांगतो.
मेओ वाक सोडून झू झाकडे जाताना आमच्यातला एक जण खडीवर घसरला. वेग चाळीससुद्धा नसेल. गळपट्टीचं हाड मोडलं. वेदनाशामक गोळ्या घेऊन गाडीत आडवा पडून हनोईपर्यंतचा प्रवास, तिथे शस्त्रक्रिया. प्रवास विमा होता, अगदी चांगला. कंपनीने पहिलीच गोष्ट मागितली ती त्या देशात चालणारा परवाना. दावा तिथेच संपला. तो गडी आमच्यात सगळ्यात सराईत होता, बाकी काय सांगू.
अजून एक. तिकडे रहदारी उजवीकडून. सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात सवय होते. पण चहाला थांबून पुन्हा निघालात की हात आपोआप डावीकडे वळवतो, आणि समोर आंधळं वळण असतं. सहा जणांत एकाने जरी ही चूक केली तरी सहल तिथेच आटोपली.

निंबोळी
हनोईत चार वर्षं राहतेय, म्हणून थोडं माझंही.
हनोई ते हा झांग बस साधारण सहा तास. पहिला मुक्काम येन मिन्ह, दुसरा डोंग वान, तिसरा झू झा, चौथ्या दिवशी खाली. वाटेत लुंग कूचा झेंडा बघा, 54 चौरस मीटरचा आहे, इथल्या 54 जमातींसाठी. डोंग वानला रविवारी सकाळी पोहोचाल असं जमवा, आठवडी बाजार भरतो. सगळं पठार चुनखडीचं, 2010 पासून युनेस्कोचं जिओपार्क. डोंगर असे टोकदार की सह्याद्री अगदी सभ्य वाटतो. मा पी लेंगचा रस्ता ज्या मार्गाचा भाग आहे, तो 1959 ते 1965 या काळात बहुतांशी हातांनी खोदलाय. कड्यावर माणसं दोराला लटकून काम करत होती.
दिवाळीनंतर येताय ते उत्तम. कुट्टूची फुलं असतात, गुलाबी शेतं. हो, आपला उपासाचाच कुट्टू. सकाळी धुकं आणि चांगली थंडी, जर्किन आणा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा मुळीच येऊ नये.
जेवणाचं : शाकाहारीला इथे 'चाय' म्हणतात. "आन चाय" म्हणालात की चहा नाही, बिनमांसाचं ताट येतं. मात्र माशाचा सॉस इथे आपल्या हिंगासारखा कशातही पडतो, "न्योक माम नको" हे लिहून दाखवा. हमखास मिळणारी भाजी म्हणजे झाऊ मुओंग. ती आपली नाळीची भाजी, पण लसणात परतलेली! कांदा-लसणाशिवाय हवं असेल तर बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण शोधा, त्यात ते नसतं. हनोईत सहज मिळेल, डोंगरात नाही. तिथल्यासाठी थेपले आणि मेतकूट घेऊन या.
मुक्कामी मक्याची दारू आग्रहाने पाजतात, 'हॅपी वॉटर' म्हणून. इथे चालकाच्या रक्तात थेंबभरही अल्कोहोल चालत नाही, आदल्या रात्रीचंसुद्धा मोजलं जातं. आणि अनामत म्हणून पासपोर्ट कुणाकडे ठेवू नका, रोख द्या.

फाटकी_चप्पल
निंबोळीताई, मेतकूट आणि हॅपी वॉटर एकाच प्रतिसादात! वाचनखूण साठवली.

सातारी_चाक
सगळ्यांचे आभार. काल रात्री बैठक झाली. परवान्याचं वाचून दाखवल्यावर चार बुलेटवाले अर्धा तास गप्प. शेवटी ठरलं : सहाच्या सहा जण मागे बसणार, चार दिवस, शनिवारी रात्री डोंग वानला मुक्काम. बायकोचं म्हणणं, लडाखला सगळा वेळ तुझी पाठच बघितली, आता तुलाही कळू दे.
मामा अजून रुसलेत. त्यांचा एकच प्रश्न उरलाय, तोही विचारून टाकतो : गाडी स्टँडवर लावलेली असताना हँडल धरून फोटो काढू देतात का?

निंबोळी
देतात. हेल्मेटसुद्धा देतात.