दिवाळी पहाट ख्यालगायकांचं करिअर घडवते की खाते?

षड्जपंचम

पहाटेच्या कार्यक्रमांचे फलक लागले की मी आधी गायकांची नावं वाचतो. यंदाही तीच गत. तिशीतली चार-पाच उत्तम मंडळी, ज्यांना मी छोट्या सभांमध्ये तास-तासभर एकच राग मांडताना ऐकलंय, ती सगळी अभंग, गौळण, दोन नाट्यगीतं, एखादा जोगवा आणि भैरवी या ठरलेल्या पंगतीत बसलेली.

स्पष्टच लिहितो. चाळिशीच्या आतल्या ख्यालगायकाने, म्हणजे एकच राग विस्ताराने मांडणाऱ्या शास्त्रीय गायकाने, दिवाळी पहाटेला नाही म्हणावं, किंवा निदान अर्धा तास राग गाऊ देणार असाल तरच येतो म्हणावं. एक पहाट कुणाचं वाटोळं करत नाही, हे मलाही कळतं. पण दिवाळीमागून गुढीपाडवा, आषाढी, गणपती, कोजागिरी अशी साखळी लागते आणि सगळीकडे मागणी त्याच आठ गाण्यांची. रियाजही मग त्याच दिशेने वळतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, आलापी रचत नेण्याचा दम बसून बसून येतो, तो मंचावर वापरलाच नाही तर जातो. त्यात बाजूला कीबोर्ड. तोडी रागाचा गंधार (ग) ज्या जागी लागायला हवा ती जागा कीबोर्डच्या पट्टीवर नाहीच. गायक बिचारा कानावर आदळणाऱ्या स्वराशी जुळवून घेतो, आणि वर्षभर जुळवून घेतलं की कान तसाच होतो.

याहून मोठी गंमत वेळेची आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, वर्षातल्या मोजक्या दिवसांना तेवढी मध्यरात्रीपर्यंत सूट. रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यामुळे जवळजवळ संपल्या. सवाई गंधर्व महोत्सवातही पूर्वी उजाडेपर्यंत गाणं चालायचं. ललत, भटियार, रामकली, देसकार हे पहाटे-सकाळचे राग मुलं शिकतात, पण गायचे कुठे? वर्षातून चार दिवस हजारभर माणसं आपणहून अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून त्या वेळेला समोर येऊन बसतात, आणि आपण त्यांना काय ऐकवतो? नाटकातलं संध्याकाळच्या रागातलं पद.

ठेका_धरून

मी तबल्यावर असतो, त्यामुळे माझं मत पोटातून येतंय असं समजा.

ख्यालाच्या सभेत तानपुरा सोडला तर गायकासोबत दोघंच असतात, तबला आणि पेटी. पहाटेला पखवाज, टाळ, बासरी, साइड रिदम, कीबोर्ड, निवेदक, सगळे धरून आठ जणांची घरं त्या सकाळी चालतात. छोट्या संगीत मंडळांकडून शाल, श्रीफळ आणि रिक्षाभाड्याइतकं पाकीट मिळतं. प्रेमाने देतात, त्यांचीही ऐपत तेवढीच असते. पण त्यावर घराचा हप्ता जात नाही.

आणि हौसेने जातो असंही नाही हो. साडेतीनला उठायचं, चारला मंचावर हजर. मैदानावर दव पडलेलं, पुडी (तबल्याचं कातडं) उतरलेली. गट्टे ठोकून स्वरात आणावं तर तासाभरात ऊन पडतं आणि तोच तबला चढतो. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक 'मांगल्याचा स्पर्श' वगैरे म्हणत असतो, तेव्हा मी खाली मान घालून हातोडी चालवत असतो.

तुम्ही 'नाही म्हणा' म्हणता. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होते. एवढ्या ताकदीच्या माणसाला दिवसभर फायली हाताळायला लागल्या. आज तशा नोकऱ्याही राहिल्या नाहीत. मग पर्याय काय? भीमसेनजींनी गावोगाव संतवाणी, म्हणजे अभंगांचे कार्यक्रम, केली, त्यांचा ख्याल आटला का?

षड्जपंचम

भीमसेनजींचं नाव येणार हे माहीत होतं. क्रम बघा ना. त्यांची पहिली तबकडी १९४०च्या दशकातली, पद्मश्री १९७२ची. संतवाणीचे कार्यक्रम जोरात सुरू झाले तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते, देशभर ख्यालगायक म्हणून नाव झालेलं. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चालींवर ते गायला बसले ते आपला श्रोता बरोबर घेऊन. वसंतरावांचं 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७चं, तेव्हा तेही सत्तेचाळीसचे. आधी ख्याल पक्का झाला, मग बाकीचं आलं. आजच्या पोरांना आधी जोगवा आणि ख्याल 'जमलंच तर'.

मानधनाचं पटलं. पण तो मुद्दा साथीदारांना जास्त लागू आहे, कारण तबल्याला ठेका कुठेही धरला तरी हात तयार राहतो.

ठेका_धरून

हात तयार राहतो! एकदा सलग दोन तास भजनी ठेका धरून बघा आणि मग विलंबित एकतालाला बसा.

आकार

मी स्वतः पहाटेला गाते, ख्यालही गाते, तेव्हा माझं ऐकून घ्या.

चार मिनिटांत गाणं मावत नाही हे मला मान्य नाही. ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला, आणि तो आजही ऐकला जातो. कमी वेळात मांडणं ही वेगळी विद्या आहे, खालची नव्हे. नाट्यगीताला नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की 'स्वयंवर' नाटकाच्या चाली १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी, म्हणजे एका ख्यालगायकाने, दिल्या. त्या काळात ख्याल घराघरात गेला तो त्या पदांच्या पाठीवर बसून.

आता षड्जपंचम, तुमच्या बाजूचं. पहाटेतून ख्यालाच्या सभेचं बोलावणं येतं का? नाही येत. मला तरी आलेलं नाही. पहाटेचे संयोजक वेगळे, संगीत मंडळांचे वेगळे, आणि दुसरे पहिल्यांच्या यादीकडे बघून 'ही सुगमवाली' म्हणतात. पहाटेतून येतात ते विद्यार्थी. कार्यक्रम संपला की मंचाच्या पायरीशी एखादी आई मुलीला पुढे करते, 'क्लास घेता का?' माझं घर त्यावर चालतं. माझ्या ओळखीच्या बहुतेक गायकांचंही तसंच, फक्त परिचयपत्रात ते कुणी लिहीत नाही.

माझी तक्रार गाण्यांबद्दल नाहीच. नवीन गायिकेला 'यंदा मानधन नाही, पण नाव होईल' म्हणतात, आणि त्याच कार्यक्रमात फुलांच्या कमानीवर खर्च होतो, त्याबद्दल आहे. वर सगळ्यांच्या साड्या एकाच रंगाच्या हव्यात असाही निरोप येतो. पुरुष गायकांना कुर्त्याचा रंग कुणी कळवलेला मी ऐकला नाही.

पहिली_रांग

षड्जपंचम, एकच प्रश्न. गेल्या वर्षभरात ख्यालाच्या किती सभांना स्वतः तिकीट काढून गेलात? पास नाही, तिकीट.

षड्जपंचम

दोन मंडळांचा वर्गणीदार आहे, सगळ्या सभांना जातो. तुमचा रोख कळला. सभेत चाळीस डोकी असतात आणि त्यातली सर्वांत तरुण म्हणजे मागे तानपुऱ्यावर बसलेली मुलगी. पण पहाटेला आलेल्या हजारांतले दहा जरी त्या सभेला वळले असते तर मी हा धागा काढला नसता. वळत नाहीत, कारण पहाटेला त्यांना ख्यालाची चवच दिली जात नाही.

पहिली_रांग

चव दिली की वळतात हा तुमचा अंदाज. मला तर वाटतं अर्धे लोक फराळाआधी वेळ काढायला आणि फोटो काढायला येतात. त्यांना गाणं आवडतं, राग आवडेलच असं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कार्यकर्ता

अनेक वर्षं पहाट भरवतो आहे. संयोजकाला शिव्या घालणं सोपं आहे, म्हणून जरा आतलं सांगतो.

प्रवेश विनामूल्य असतो, म्हणजे खर्च प्रायोजकांकडून. मंडप, ध्वनी, खुर्च्या, परवानग्या यांतच बरंच जातं. उघड्यावर सहाच्या आत ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि साडेआठनंतर लोक थांबत नाहीत, घरी पाहुणे आलेले असतात. राहिले अडीच तास. त्यात दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचं मनोगत. (मनोगत सात मिनिटांत आटपलं तर आम्ही आपसांत पेढे वाटतो.) गाण्यांची यादी प्रायोजक आधी मागतात. एकदा एका गायकाने यादी बाजूला ठेवून अहिर भैरव राग घेतला. सुंदर गायला, मी स्वतः विंगेत उभा राहून ऐकला. मागच्या खुर्च्या मात्र रिकाम्या व्हायला लागल्या आणि प्रायोजकाच्या माणसाने माझ्याकडे बघून घड्याळावर बोट ठेवलं.

तुमच्या शास्त्रीय की सुगम या भांडणाची एक करमणूक सांगतो. जीएसटीत शास्त्रीय आणि लोककला एकाच ओळीत आहेत. कलाकाराने या दोन्हींपैकी काहीही सादर केलं आणि मानधन दीड लाखांपर्यंत असलं तर त्यावर कर नाही. नाट्यगीत कोणत्या खणात टाकायचं हे आमच्या हिशेबनीसाने विचारलं, त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी चहा आला.

संबळ

एवढा वेळ वाचत होतो. या सगळ्या धाग्यात आमचा उल्लेख 'एखादा जोगवा' एवढाच.

ख्यालगायकाने लोकगीत गाऊन त्याचं करिअर बिघडतं का, यावर तुम्ही भांडताय. ज्याचं ते गाणं आहे त्याचं करिअर कुठे आहे हे कुणी विचारलेलं नाही. गोंधळ रात्रभर चालतो. संबळ, तुणतुणं, झांज, दिवटी, गण, आवाहनं, मग आख्यान. त्यातला चार मिनिटांचा जोगवा उचलायचा, संबळाच्या जागी ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य लावायचं, मध्ये तीन ताना मारायच्या, आणि निवेदकाने म्हणायचं 'लोकपरंपरेला मानाचा मुजरा'. मुजरा कुणाला? तो माणूस मंचावर नाही, समोरही नाही. भारुडाचंही तेच. एकनाथांचं भारूड हे सोंग आणून करायचं असतं, मांडी घालून, वहीत बघत म्हटलं की त्यातली निम्मी गंमत गेली.

शास्त्रीयवाल्यांनी लोकसंगीताला हात लावू नये असं मी म्हणत नाही. कुमारजी (कुमार गंधर्व) आजारपणात देवासला होते, तेव्हा माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली, लिहून घेतली. त्यातून धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग निघाले, आणि गाणी कुठली ते त्यांनी लपवलं नाही. ते काम होतं. जोगव्याची चाल आदल्या रात्री मोबाइलवर ऐकून पहाटे गाणं हे काम नव्हे.

उलट्या बाजूचंही बघा. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ऐकली असेल तर रागदारी म्हणजे काय हे तिथेही कळतं. आकाशवाणीवर लोकसंगीताची चाचणी वेगळी, श्रेणी वेगळी. कागदावर आम्ही कलाकार आहोतच. पहाटेच्या फलकावर नाही.

आकार

संबळ, तुमचं बोलणं लागलं आणि ते लागायलाच हवं. मी जोगवा गाते तो माझ्या गुरूंनी बसवलेला. त्यांनी कुणाकडून घेतला, मी कधी विचारलं नाही.

एवढंच म्हणेन की ऑक्टोपॅड मी मागत नाही. संबळवाला मिळाला तर मला तो हवाच आहे, पण यादीसारखे वादकही वरून ठरून येतात.

ठेका_धरून

ऑक्टोपॅडवाला एकटा चार वाद्यं वाजवतो, म्हणून तो येतो. हे पैशाचं गणित आहे, संस्कृतीचं नाही. उद्या तो माझ्याही जागी येईल.

षड्जपंचम

संबळ यांचा मुद्दा माझ्या मुद्द्याच्या आड येत नाही, उलट त्याला जोडूनच आहे. ख्यालगायकाने ख्याल गावा, गोंधळ्याने गोंधळ घालावा, दोघांना एकाच मंचावर पाऊण-पाऊण तास द्या. आज दोघांचं काढून मधलंच काहीतरी वाढलं जातंय.

कार्यकर्ता, तुम्हालाच थेट विचारतो. सहा ते साडेसहा राग, मग तुमची ठरलेली गाणी. का नाही चालणार?

कार्यकर्ता

सहा ते साडेसहा लोक येत असतात. खुर्च्या शोधतात, एकमेकांना शुभेच्छा देतात, मुलं पळतात. त्या गोंगाटात कुणी गायला तयार असेल तर माझी ना नाही. प्रायोजकाचा माणूस पावणेसातला येतो, तोवर यादी कोण बघतंय!

आकार

मी तयार आहे. ललत गाईन, उजेड फुटला की भटियार. अट एवढीच की तेवढा वेळ कीबोर्ड बंद, तानपुरे दोन, खरे, मशीन नको. आणि निवेदक नंतर.

ठेका_धरून

गारठ्यात दोन खरे तानपुरे लावायला कोण बसणार ते आधी ठरवा. मी अर्धा तास आधी येतो, पण त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे.

पहिली_रांग

मी सहाला येऊन बसेन. राग कळत नाही, पण खुर्ची तरी भरेल.

संबळ

आणि गोंधळाचे पाऊण तास?

कार्यकर्ता

चार माणसं, त्यांचा प्रवास, राहणं असं सगळं येतं. बजेट बघून कळवतो.

संबळ

गणपतीतही हेच कळवणार होता. माझा नंबर आहे ना तुमच्याकडे?