अनुभव धागा (२०२५) : यूकेतलं वीज-गॅसचं बिल, तुम्ही फिक्स केलंत का?

मंडळी, आमचा एक वर्षाचा फिक्स (ठरलेल्या दराचा करार) १८ ऑक्टोबरला संपतोय आणि गेला आठवडाभर मुलं झोपली की मी रोज लॅपटॉप उघडून तेच तेच आकडे बघत बसतेय. १ ऑक्टोबर २०२५ पासून ऑफजेमची (इथली वीज-गॅसवर देखरेख करणारी संस्था) प्राइस कॅप, म्हणजे दराची कमाल मर्यादा, वर्षाला १,७२० वरून १,७५५ पाउंडांवर जातेय, जानेवारीत परत बदलेल, एप्रिलमध्ये परत. आणि यंदा नोव्हेंबरपासून सांगलीहून आई (सासूबाई) येतायत पाच महिने, त्यांना संधिवात आहे, म्हणजे आत्तापर्यंत आम्ही सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास लावायचो ते हीटिंग दिवसभर चालू राहणार, त्यात कंजुसी करणार नाही हे आधीच ठरलंय.

नुकत्याच भारतातून आलेल्यांसाठी सांगते, इथे महावितरणसारखं नसतं. तारा आणि पाइप तेच, पण बिल कुणाकडून घ्यायचं ती कंपनी आपण निवडायची. काहीच निवडलं नाही तर व्हेरिएबल दर लागतो, त्याच्यावर कॅप असते आणि ती दर तीन महिन्यांनी बदलते. फिक्स केलं तर युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज (काही वापरलं नाही तरी रोजचा लागणारा आकार) करार असेपर्यंत तोच. आणि १,७५५ म्हणजे बिल त्याच्यावर जाणारच नाही असं नाहीये, मला पहिल्या वर्षी तसंच वाटलेलं. वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा तो हिशोब आहे, कॅप असते ती दरावर, जास्त जाळलंत तर जास्त भरा.

पुढे भाव काय होतील ते कुणी सांगू नका, ते कुणालाच माहीत नाही. तुमच्या घरात काय झालं ते सांगा. आम्ही स्लाउला, तीन बेडरूमचं टेरेस्ड घर, कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही गॅसवर).

लेस्टरहून :
ताई, २०२२ च्या ऑगस्टचं सांगतो, अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. २६ ऑगस्टला शुक्रवारी सकाळी कॅप जाहीर झाली, ३,५४९ पाउंड, त्याआधी १,९७१ होती. ऑफिसात कुणी दुसरं काही बोलतच नव्हतं, आणि टीव्हीवर सांगत होते जानेवारीत पाच हजारांवर जाईल. घरी नुकतंच दुसरं बाळ झालेलं, बायको रजेवर, एकाच पगारावर चाललेलं. शनिवारी सकाळी कंपनीचा ईमेल आला, दोन वर्षांचा फिक्स, वीज ५८ पेन्स आणि गॅस १७ पेन्स, एक्झिट फी (मुदतीआधी बाहेर पडलं तर भरायची रक्कम) दोन्हींची मिळून २०० पाउंड. आज हे दर वाचून वेड लागलंय वाटेल पण तेव्हा वाटलं निदान यापेक्षा वाईट तरी होणार नाही, आणि मी फोनवरच बाळाला मांडीवर घेऊन हो म्हणून टाकलं.

नवीन करार केला की १४ दिवसांत फुकट रद्द करता येतो हे मला माहीत होतं. आता तारखा बघा. ८ सप्टेंबरला दुपारी तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी संसदेत जाहीर केलं की सरासरी घराचं बिल २,५०० ला रोखणार, आणि त्याच संध्याकाळी राणी गेल्याची बातमी आली. पुढचे दोन-तीन दिवस टीव्हीवर दुसरं काहीच नव्हतं, आम्हीही तेच बघत बसलेलो, विजेचं ध्यानातच नाही राहिलं. सोमवारी १२ तारखेला ऑफिसात एकाने विचारलं तू रद्द केलास ना, तेव्हा मोजलं, माझे १४ दिवस शनिवारीच संपलेले.

सरकारी सवलत फिक्सवाल्यांनाही मिळाली, विजेला युनिटमागे १७ पेन्सपर्यंत आणि गॅसला ४.२ पेन्सपर्यंत, म्हणजे मला पडली ४१ आणि १२.८, बाकीच्यांना साधारण ३४ आणि १०.३. ऑक्टोबरचं बिल आल्यावर मग कागद घेऊन बसलो. हिवाळ्यात महिन्याला ३०० युनिट वीज, १,५०० युनिट गॅस, फरक येत होता महिन्याला ५८ पाउंड. एक्झिट फी २००. चार महिन्यांत वसूल. नोव्हेंबरात फी भरून बाहेर पडलो. बायको म्हणाली हा हिशोब त्या शनिवारी पण करता आला असता, फोन ठेवून द्यायचास, आणि ते खरं होतं. तेव्हापासून एक्झिट फी किती हे मी दराच्याही आधी वाचतो.

मिल्टन कीन्सहून :
आमचं बरोबर उलटं. सप्टेंबर २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी केलं, वीज २१ आणि गॅस ४ पेन्स. तेव्हा ते महाग वाटलेलं, मित्र म्हणाले घाई केलीस. मी मार्केट वगैरे काही बघितलं नव्हतं, घराचा हप्ता नुकताच सुरू झालेला आणि दर महिन्याला कुठला पैसा किती जाणार ते कागदावर लिहिल्याशिवाय मला झोप लागत नव्हती एवढंच कारण. पुढची दोन वर्षं सगळे रडत असताना आमचा डायरेक्ट डेबिट ९५ वरच. पण २०२३ ला फिक्स संपला तेव्हा तो एकदम १६५ झाला आणि आम्ही त्याची काहीच तयारी ठेवली नव्हती, त्या ऑक्टोबरात भारताची तिकिटं काढायची होती ती राहिली. फिक्स स्वस्तातलं असेल तर संपण्याच्या आधीच दोन-तीन महिने थोडे थोडे बाजूला टाका.

कोव्हेंट्रीहून :
आम्हीही २०२१ ला स्वस्तात फिक्स केलेलं पण ती कंपनीच बुडाली. त्या वर्षी जवळजवळ ३० कंपन्या बंद पडल्या, आमची त्यातली छोटी एक. वीज-गॅस एक मिनिटही गेला नाही, ऑफजेमने दुसऱ्या कंपनीकडे वळवलं, पण फिक्सचा दर गेला तो गेलाच, थेट कॅपवर. खात्यात २३० पाउंड जमा होते ते बुडत नाहीत, परत मिळाले, फक्त बरेच आठवडे लागले आणि तेही मी मीटरचा फोटो काढून ठेवलेला म्हणून वाद झाला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही मीटरचे फोटो, आजही.

ग्लासगोहून :
मी नर्स आहे, २०२२ मध्ये आले तेव्हा भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्रीपेमेंट मीटर होता. गॅसचं कार्ड आणि विजेची चावी, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन टॉप-अप करायचं. तुम्ही फिक्स की व्हेरिएबल बोलताय, मला तो प्रश्न कधी कुणी विचारलाच नाही. ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने गॅस लावलाच नव्हता, हॉस्पिटलमध्येच आंघोळ करायचे, मला वाटलं वाचले पैसे. ऑक्टोबरात पहिली थंडी पडली, नाइट ड्युटीवरून येताना २० पाउंडांचं टॉप-अप केलं, कार्ड मीटरमध्ये घातलं तर आकडा आला २ पाउंड ६० पेन्स. बाकीचा दोन महिन्यांचा स्टँडिंग चार्ज वळता झालेला. कोट काढला नाही, तशीच मीटरसमोर उभी होते कितीतरी वेळ, नाशिकला फोन लावला आणि आईला काही सांगितलं नाही.

सरकारचे ४०० पाउंड सगळ्यांना बिलात वजा होऊन मिळत होते, आम्हाला दर महिन्याला व्हाउचर यायचं, पहिले दोन ६६ चे, मग ६७ चे. ते ओळखपत्र घेऊन दुकानात वटवायला लागायचं. प्रीपेमेंटवाल्यांनी एक करा, उन्हाळ्यात गॅस लावला नाही तरी आठवड्याला दोन-तीन पाउंड टाकत राहा. मी २०२४ ला घरमालकाशी बोलून स्मार्ट मीटर घेतला, साध्या बिलावर आले, आणि लगेच फिक्स केलं. दर किती स्वस्त मिळाला ते मी बघितलंही नाही खरं सांगायचं तर, मला तो मीटरचा आकडा परत बघायचा नव्हता.

(स्लाउ) : तुमचं वाचून गलबलून आलं हो. लिहिलंत ते फार बरं केलंत.

पूर्व लंडनहून :
आमच्या टॉवरमध्ये एकच मोठा बॉयलर, गरम पाणी पाइपने सगळ्यांना. त्याला ऑफजेमची कॅप लागू नाही, कंपनी बदलता येत नाही, फिक्सचा प्रश्नच नाही. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी घर बघायला जाल तेव्हा हीटिंग कुठून येतं आणि युनिटचा दर कोण ठरवतं हे पहिलं विचारा.

क्रॉलीहून :
आम्ही दर अर्ध्या तासाला बदलणारा दर घेतलाय, दुपारी चारच्या सुमारास उद्याचे भाव दिसतात. वारा जोरात असेल तर पवनचक्क्यांची वीज भरपूर, मग रात्री भाव कधी कधी शून्याच्या खाली जातात, गाडी तेव्हा चार्ज होते. पण संध्याकाळी ४ ते ७ सगळ्यात महाग, आणि तीच पोळ्यांची वेळ. आम्ही दोघं घरून काम करतो म्हणून साडेतीनच्या आत कुकर आणि कणीक उरकतो, पोळ्या डब्यात. ऑफिसातून सहाला येणाऱ्या घराला हे झेपणार नाही. आणि जानेवारीत वारा पडून धुकं बसलं की चार दिवस भाव बघवत नाहीत, तेव्हा मन घट्ट पाहिजे. आई येणार असतील आणि दिवसभर घरात असतील तर ताई तुम्ही या भानगडीत पडू नका असं माझं स्पष्ट मत.

मँचेस्टरहून :
दोनच गोष्टी. फिक्स संपायच्या आधीचे ४९ दिवस एक्झिट फी लागत नाही, म्हणजे तुम्ही आजही निघू शकता, १८ तारखेपर्यंत थांबायची गरज नाही. आणि 'वर्षाला इतके वाचतील' हा कंपनीचा आकडा सोडून द्या, बिलावर तुमचे वर्षाचे युनिट छापलेले असतात ते घ्या आणि दराने गुणा. दर भागाभागात वेगळे असतात, स्लाउचे आणि आमचे सारखे नाहीत.

(स्लाउ) :
केलं गुणून. आमची वीज ३,१०० युनिट, गॅस १३,५००. कॅपचे सरासरी दर धरले, वीज २६.३५, गॅस ६.२९, स्टँडिंग चार्ज दोन्हींचा मिळून रोजचे ८८ पेन्सच्या आसपास, तर वर्षाचे होतात साधारण १,९८६. आम्हाला १२ महिन्यांची ऑफर आलीय २४.९ आणि ५.९ ची, स्टँडिंग चार्ज तेवढाच, त्याचे होतात १,८८९. म्हणजे ९७ पाउंडांचा फरक, एक्झिट फी दोन्हींची मिळून १००. आणि आई आल्यावर गॅस १६-१७ हजारांवर गेला तर फरक अजून वाढतो, हे आधी लक्षातच आलं नव्हतं, मी गेल्या वर्षीच्याच वापरावर अडकलेले.

नवरा म्हणत होता कॅप एप्रिलमध्ये खाली आली तर? मी त्याला लेस्टरच्या दादांचं सगळं वाचून दाखवलं. तेव्हा फिक्स कॅपच्या वर होता, आत्ताचा खाली आहे, आणि उतरलीच तर किती उतरल्यावर फी भरून निघायचं ते आत्ताच फ्रिजवर लिहून ठेवलंय.

काल रात्री केलं फिक्स. जिन्याखालच्या कपाटात मीटर आहे, तिथे मुलांच्या सायकली आणि गौरी-गणपतीच्या सजावटीचं खोकं, ते सगळं बाहेर काढून टॉर्च लावून दोन्ही रीडिंगचे फोटो घेतले. १४ दिवसांची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर टाकलंय. सकाळी आईंचा फोन, तिकडे हीटर लावायला फार पैसे पडतात म्हणे, मी दोन स्वेटर जास्तीचे आणू का. म्हटलं आणा, पण हीटर बंद राहणार नाही.