कागदी लिंबाच्या बुंध्यातून डिंक गळतोय, आणि ट्रायकोडर्माचं शेणखत हिरवं पडलंय. घालू की फेकू?

सुलभा, मुलुंड
सोसायटीच्या आवारात माझ्या सासऱ्यांनी लावलेलं कागदी लिंबाचं झाड आहे, बावीस वर्षांचं. आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांत लोणचं त्याच लिंबांचं असतं. यंदा आषाढात आवारात चार दिवस पाणी तुंबलं. आता बुंध्याच्या खालच्या वीतभर भागातून तपकिरी डिंक येतोय, साल तडकलीय, रस्त्याकडच्या बाजूची पानं पिवळी पडून गळताहेत. माळी म्हणतो, तोडून टाका. माझ्याच्याने ते होणार नाही.

नर्सरीतून ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणाऱ्या उपयोगी बुरशीची, पावडर आणली. 5 किलो शेणखतात 50 ग्रॅम कालवली, वर ओलं गोणपाट टाकून जिन्याखाली ठेवली. आज बाराव्या दिवशी उघडलं तर वर हिरवा थर. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नासलं ते. फेकू का? आणि बुरशीनेच बुरशी कशी जाते, हेही कुणी सांगा.

गोराईची वाडी
सुलभाताई, अजिबात फेकू नका. तो हिरवा थर बहुधा ट्रायकोडर्माच आहे. सुरुवातीला ती पांढरी दिसते, बीजाणू धरले की हिरवी होते. वास घेऊन बघा. ओल्या मातीचा किंवा खोबऱ्यासारखा आला तर उत्तम. आंबट, सडका आला तर शेणखत नीट कुजलेलं नव्हतं.

ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेढे घालते, विकरं सोडून तिची भिंत विरघळवते आणि आतला रस खाते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 साली ते मांडलं, तेही लिंबूवर्गीय रोपं मारणाऱ्या मातीतल्या बुरशीवर.

पण तुमच्या झाडाला झालाय तो डिंक्या. तो फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून पाणी तुंबल्यावरच हा रोग उसळतो. ट्रायकोडर्मा मातीत राखण करील, मुळं जपेल. सालीवरची जखम तिच्याने भरणार नाही, तिथे सुरीच लागेल.

गच्चीवरचा माळी, बोरिवली
ताई, खताबरोबरच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं पाणीही ओता. दोन्हींचा जोर मिळेल.

गोराईची वाडी
नको हो, कृपा करून नको! कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाच मारतं, आणि फायटोफ्थोरावर ते चालतच नाही. ताईंनी बारा दिवस जपलेलं सगळं वाया जाईल.

ताई, बुंध्याजवळची माती बाजूला करा. डिंकाखालची मेलेली साल निरोगी साल लागेपर्यंत खरवडा, तुकडे आवारात टाकू नका. मग बोर्डो पेस्ट: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवा, मग प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा. बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लावा. मोरचूद मातीत ठिबकू देऊ नका, त्याने ट्रायकोडर्माही मरते. शेणखत पंधरा दिवसांनी, बुंध्यापासून हातभर दूर, जिथे बारीक मुळं असतात तिथे मिसळा. तोवर ते सावलीत ओलसर राहू दे.

सुलभा, मुलुंड
वास खोबऱ्यासारखाच आहे! वहिनींनाही हुंगायला दिला.

आत्ताच खाली जाऊन खुरप्याने माती काढली. माळ्याने बुंध्याला फूटभर भर घातली होती, म्हणजे साल सतत चिखलातच. शिवाय रोज सकाळी गाड्या धुतल्याचं पाणी उताराने थेट तिथेच येतं. इतकी वर्षं त्यावरून ये-जा केली आणि कधी लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतंय. साल हलकेच खरवडली. रस्त्याकडची बाजू खालून काळी पडलीय, पण निम्म्याहून जास्त घेर अजून हिरवा आहे. मोरचूद उद्या आणते. गाड्या धुणाऱ्या मुलाशी बोलले, तो पाणी दुसऱ्या बाजूला काढायला तयार आहे.

काळ्या बाजूच्या फांद्या आत्ताच छाटू, की पाऊस सरेपर्यंत थांबू?