ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, डिस्क घासूनही परत तेच, मदत हवी आहे

मंडळी, गाडीचा एक त्रास काही केल्या सुटत नाहीये, जाणकारांनी जरा सांगा. ८० च्या वर असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं आणि पेडल पायाला खालून टकटक ढकलतं, वेग ४० च्या खाली आला की सगळं शांत. ब्रेक न लावता १०० ने गेलो तरी काही नाही, म्हणजे चाकांच्या बॅलन्सिंगचा दोष नसावा. मागे ड्रम आहेत, मोकळ्या रस्त्यावर हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूच ओढून बघितला तर काहीच हललं नाही, त्यामुळे दोष पुढेच आहे. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) म्हणावं तर ते करकचून ब्रेक मारल्यावर, इथे नुसता पाय ठेवला तरी होतंय.

४ महिन्यांपूर्वी हेच झालं तेव्हा गॅरेजमध्ये दोन्ही डिस्क लेथवर घासून घेतल्या, पॅड नवीन टाकले, महिनाभर गाडी मस्त चालली आणि मग हळूहळू परत सुरू. आता ते म्हणतात डिस्क वाकल्यात, नवीन टाका. मला नाही पटत, कारण रविवारी मी स्वतः चाकं काढली. डावीकडचा आतला पॅड बाहेरच्याच्या निम्मा राहिलाय, कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालची पिन हाताने सरकेना, रबरी बूट फाटून आत गंज. डिस्क काढली तर मागे हबवर (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) गंजाचे खपले, बोटाला खरखर लागत होते. त्या खपल्यांवर बसलेली डिस्क किंचित तिरकी फिरणारच, मग दर फेरीला तीच जागा पॅडला घासणार आणि तिथे पातळ होणार. जाडीत ०.०२ मिमी फरक पडला तरी स्टिअरिंगवर हाताला जाणवतं. नवीन डिस्क त्याच हबवर बसवली तर तीही अशीच खराब होईल ना?

माझा विचार असा की हब तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा, पिना आणि बूट बदलायचे, मग डिस्क नटांनी आवळून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मीटर) लावायचा. रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते, साधारण ०.०५ मिमीच्या आत हवा ना? जास्त आला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवली की कमी होतो म्हणतात, कुणी करून बघितलंय का? नट गेल्या वेळी हवेच्या गनने आवळलेले, आता टॉर्क रेंचने समोरासमोर आवळणार आहे.

जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा अजून जास्त आहे, पण एकदा घासलेली डिस्क परत घासावी का? आई-बाबांना घेऊन लांब जायचंय आणि मला ब्रेकवर पूर्ण भरवसा हवाय. लोअर आर्मचे (सस्पेन्शनचा चाकाला धरणारा खालचा दांडा) रबरी बुशही आत्ताच बघून घेऊ का?