आजोबांच्या डब्यातली शिशाची नाणी: धुऊ का?

जुन्नरची नात
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आजोबांचं जुन्नरचं घर आवरलं. ते तिथे शाळामास्तर होते. कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, तो मी पुण्याला घेऊन आलेय. आत अकरा नाणी आणि मूठभर मातीचे मणी. प्रत्येक नाणं वहीच्या कागदाच्या पुडीत बांधलेलं आणि पुडीवर आजोबांचं अक्षर: 'पांढर, ओढ्याकडची बाजू, पहिल्या पावसानंतर', 'गुराख्याने आणून दिलं', असं. पांढर म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीची जागा. सात नाणी काळपट आणि आकाराच्या मानाने जड आहेत, शिशाची असावीत. चार हिरवट. शिशाच्या एकावर सोंड वर केलेला हत्ती दिसतो, मागे फुलीने जोडलेली चार वर्तुळं.

आई म्हणते, चिंचेने घास, देवाच्या तांब्यासारखी लखलखतील. मामा म्हणतात, रविवारी जुन्या बाजारात दाखव, कुणीतरी घेईल. भाऊ म्हणतो, असलं घरात ठेवणं गुन्हा आहे. चिंच भिजत घातलेली आहे म्हणून घाईने विचारतेय.

सदाशिवातला
चिंच लावू नका. त्याबद्दल इथले जाणते सांगतीलच, मी कायद्यापुरतं सांगतो. शंभर वर्षांवरची वस्तू ती पुरावस्तू, असं १९७२चा कायदा म्हणतो. जुनं नाणं नुसतं घरात असणं हा गुन्हा नाही. दगडाच्या, धातूच्या किंवा मातीच्या जुन्या मूर्ती असत्या तर नोंदणी करावी लागली असती. परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि परवानगीशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत सापडलेल्या धनाचा १८७८चा कायदा निराळा. दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं त्यात आहे. तुमच्या चिठ्ठ्यांवरून ही नाणी शेतात-ओढ्यात मिळालेली दिसतात. तेव्हा बाजारात नेण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व विभागात दाखवा.

आहत
ताई, चिंच ओतून द्या. मी बँकेत चौतीस वर्षं रोखपाल होते आणि त्यातली निम्मी वर्षं बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात वाकून नाणी बघण्यात गेली. तिथेच एक हत्तीचं पोटीन घेतलं होतं. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिशाचं मिश्रण. हत्तीच्या वर ब्राह्मीत 'रञो' स्वच्छ वाचता येत होतं, म्हणजे 'राजाचा'. कुठल्या राजाचा, ते पुढे मातीखाली होतं. ते दिसावं म्हणून लिंबू-मीठ लावून रात्रभर ठेवलं. सकाळी वाटीतलं पाणी हिरवं झालं होतं आणि नाण्यावर 'रञो'सुद्धा उरलं नव्हतं. ती अक्षरं खालच्या धातूत राहिलीच नव्हती, वर चढलेल्या हिरव्या थराने ती धरून ठेवली होती. तो थरच मी विरघळवून टाकला. ते नाणं अजून माझ्याकडे आहे, कुणाला दाखवायचं तर जीव तुटतो.

तुमची चार वर्तुळं म्हणजे उज्जैन चिन्ह. हत्ती, उज्जैन चिन्ह, शिसं आणि जुन्नर एकत्र आलं की सातवाहनांचं नाव घ्यायला हरकत नाही. कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून तुमच्याच गावाकडे यायचा. पण माझं अर्धं लक्ष त्या पुड्यांकडे आहे. पुड्या फेकल्या नाहीत ना? नाण्याला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक त्याच्या पुडीवर लिहा, आजच.

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, तेरा हजारांच्या वर. सगळी क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा खाली आणि त्याच्यावर सातवाहनांचं डोंगराचं चिन्ह! नहपानाचा मुलूख कुणी घेतला, हे त्या साठ्याने सांगितलं, कारण तो एकत्र मोजला गेला. तीच नाणी सुटी सुटी मोडीत गेली असती तर चांदीच्या वजनापलीकडे काय हाती लागलं असतं? तुमच्या अकरा नाण्यांचंही तसंच. जुन्या बाजारात त्यांची किंमत होईल, पण 'ओढ्याकडची बाजू' तिथेच गळून पडेल आणि ती परत कुणालाच मिळणार नाही.

ठेवण्याचं सांगते. शिशाला लाकडाच्या आणि पुठ्ठ्याच्या आम्लाची वाफ खाते, वर पांढरी पूड दिसू लागते. म्हणून लाकडी पेटी नको. पीव्हीसीच्या पाकिटांत तांबं चिकट हिरवं होतं, तीही नकोत. कडेला धरा, हात धुवा, लहान मुलांच्या हाती देऊ नका. वाचायचं असेल तर खिडकीशी बसा आणि उन्हाची तिरीप आडवी पडू द्या.

घोडकाठ
आहतताईंना दुजोरा. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा घराच्या जमिनीखाली मातीची एक डबी निघाली. आत डोकं नसलेली स्त्रीमूर्ती, सोबत आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सुटा बैल मिळाला असता तर पोरांचं खेळणं समजून सोडून दिला असता. सोबत होता म्हणून ती मूर्ती देवीची असावी, इथपर्यंत पोचता आलं.

तुमच्या गावची पांढर अजून शाबूत आहे का? आमच्याकडे घरं सारवायला आणि शेतात टाकायला तीच माती गाड्या भरभरून नेली.

जुन्नरची नात
चिंच सिंकमध्ये ओतली. आई थोडी नाराज आहे. मामांना मीच समजावते. पुरातत्त्व विभागात मंगळवारी जाणार.

पांढरीवर आता घरं आहेत असं मावशी म्हणाली. ओढा आहे.

आज सकाळी खिडकीशी बसले. हत्तीच्या नाण्यावर पांढरी पूड खरंच आहे, आजवर मी ती धूळच समजत होते. आडव्या उन्हात 'र' आणि 'ञो' दिसले, पुढे सपाट. मग पुडी पूर्ण उलगडली तर आतल्या बाजूला आजोबांनी नाण्यावर कागद धरून पेन्सिल फिरवलेली. हत्तीची सोंड आलीय, त्याच्यावर 'रञो', आणि त्याच्या पुढे आणखी दोन अक्षरं, स्वच्छ: 'सिरि', म्हणजे 'श्री'. त्यानंतरचं त्यांच्याही वेळी गेलेलं होतं. या कागदावर मी '१' हा नंबर टाकलाय.