बायसनच्या खांद्यावर असतं ते वशिंड का?

प्रश्न
उत्तर अमेरिकेतल्या हिमयुगातल्या 'बायसन लॅटिफ्रॉन्स' या बैलासारख्या, आता नामशेष झालेल्या रानटी प्राण्यावर मुलांसाठी लिहिते आहे. नावाचा अर्थ सरळ आहे, रुंद कपाळाचा. अडले ते तीन ठिकाणी. बायसनला रानरेडा म्हणू की गवा? खांद्यावरच्या उंचवट्याला वशिंड चालेल? आणि 'स्पीशीज' म्हणजे जाती की प्रजाती?

उत्तर १
ताई, रानरेडा नकोच. तो रानम्हशीचा नर, आणि रानम्हशी गडचिरोलीत कोलामार्क्याच्या जंगलात आजही आहेत. गवाही नको. राधानगरीच्या गव्याला इंग्रजांनी 'इंडियन बायसन' म्हटलं तिथेच घोळ झाला, तो आपण आणखी वाढवू नये. बायसन असंच लिहा, मुलांना कळतं.

वशिंडाला मात्र माझा ठाम विरोध. खिल्लार बैलाच्या वशिंडाला हात लावून पाहा, ते हलतं, कधी एका अंगाला कलतं. आत सगळं मांस आणि चरबी. बायसनचं तसं नाही. त्याच्या छातीच्या मणक्यांवरून हाडाचे लांब काटे उभे वाढलेले असतात, आणि जड डोकं पेलणारे स्नायू त्यांना धरून असतात. म्हणून हजारो वर्षांनी नुसता सांगाडा हाती आला तरी खांद्याची उंची दिसते. 'खांद्याचा उंचवटा' लिहा. लांबलचक वाटेल, पण खोटं चित्र उभं राहणार नाही.

उत्तर २
वरच्याशी सहमत. शिंगांबद्दलही जपून लिहा. या बायसनच्या शिंगांच्या टोकांमधलं अंतर दोन मीटरच्या वर सांगतात, ते माप शिंगाच्या आतल्या हाडाच्या गाभ्याचं. वरची खोळ आपल्या नखांसारख्याच द्रव्याची, ती सहसा कुजून जाते. लहानपणी आमच्या बैलाचं शिंग झुंजीत निघालं होतं. खोळ गवतात पडलेली आणि डोक्यावर ओला, लालभडक गाभा. तेव्हापासून हे दोन शब्द मी कधी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत. जिवंतपणी ही शिंगं मापापेक्षा लांबच असणार.

जाती-प्रजातीचं म्हणाल तर मराठी विश्वकोशाची रीत धरा: 'स्पीशीज' म्हणजे जाती, 'जीनस', म्हणजे जवळच्या जातींचा गट, ती प्रजाती. वर्तमानपत्रं सर्रास उलट लिहितात. इथे तो फरक लागतोच. १८२५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ हार्लन यांनी या प्राण्याला 'बॉस लॅटिफ्रॉन्स' म्हटलं, म्हणजे गाईबैलांच्या प्रजातीत घातलं. १८५२ मध्ये लायडी या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याला बायसन प्रजातीत नेलं. आता जनुकांवरून बायसन याकच्या फार जवळचे ठरल्यामुळे काही अभ्यासक सगळ्याच बायसनना पुन्हा बॉसमध्ये घेतात. जाती तीच राहिली, प्रजाती बदलत गेली. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. 'खांद्याचा उंचवटा' आणि 'शिंगाचा गाभा' घेते. 'मणक्याचे काटे' वाचून मुलांना बाभळीचा काटा तर आठवणार नाही ना?

उत्तर १
कोकणातल्या मुलांना माशाचा आठवेल, आणि तो बरोबरच आहे. बांगड्याच्या मधल्या काट्यावर उभे बारीक काटे असतात ना, तसेच हे.